पागोट्याबाहेरचे कान

दारव्ह्याकडच्या आमच्या घरी मुखपृष्ठ गेलेलं एक गोष्टींचं पुस्तक होतं. त्यात पागोटं बांधलेला कोल्हा सावकारासारखा लोडाला टेकून बसला होता. चित्रकारानं पागोट्यातून त्याचे दोन्ही कान मात्र बाहेर काढले होते. थाट माणसाचा दिला, पण कोल्ह्याचं कोल्हेपण काढून घेतलं नाही. म्हणूनच ते चित्र माझं लाडकं.

पुढे लेखिका-चित्रकार बिआट्रिक्स पॉटरच्या 1902 सालच्या पुस्तकातला पीटर ससा पाहिला आणि ते कान आठवले. निळा कोट, पितळी बटणं, पण कोटाखालचं अंग खऱ्याखुऱ्या सशाचं. पॉटरबाईंनी घरी ससे पाळले होते, ते न्याहाळत चित्रं काढली होती. गोष्टीत मळ्यात शिरलेल्या पीटरची बटणं जाळ्यात अडकतात. कोट तिथंच टाकून तो पळतो, तेव्हा कुठे जीव वाचतो. मळेवाला त्या कोटाचं बुजगावणं करतो. आमच्याकडेही रोही अन् रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून जुना सदरा काठीवर टांगतात. रानातल्या जिवाला माणसाचे कपडे बहुधा असेच भेटतात, भीती होऊन.

त्याच शिवारात पोळाही येतो. श्रावण अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी आजोबा बैलांचे खांदे शेकायचे. वाटीत कोमट तूप-हळद, हातात पळसाचं पान. जुवानं घट्टा पडलेल्या जागी पान टेकलं की कातडी थरथरायची, मग बैल हळूहळू मान सैल सोडायचा. त्याच्या कानाशी वाकून आजोबा उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचे, पाहुण्याला द्यावं तसं. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. आजी त्याचे पाय धुऊन पुरणपोळी चारायची, तोवर घरात कुणी जेवत नसे.

त्या चित्रांची माया आणि पोळ्याची माया मला एकाच जातीची वाटते. झूल कुणीही चढवील. आधी खांदा शेकावा लागतो, कान पाहावे लागतात.

लेकीला अशी चित्रं दाखवताना मी म्हणतो, आधी कान शोध, पंजे शोध. मागच्या पोळ्याला सजलेल्या बैलाभोवती ती कितीतरी वेळ फिरली. मग घुंगरमाळ बाजूला सारून तिनं घट्ट्यावर हात ठेवला.

“बाबा, याचा खांदा दुखते का?”