लँगडेलमधलं बिऱ्हाड

अँबलसाइड मागे पडलं की लँगडेलचा रस्ता अंग चोरून चालू लागतो. दोन्ही बाजूंना चुन्या-सिमेंटाशिवाय नुसते दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या भिंती. समोरून गाडी आली की एकाने कडेच्या रुंद जागेत थांबायचं आणि दुसऱ्याने हात उंचावून आभार मानत पुढे जायचं. मुलांना हा रिवाज एवढा आवडला की घर येईपर्यंत दोघांचेही हात वरच होते.

इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, चॅपल स्टाइल नावाच्या छोट्या गावात आम्ही सुट्टीसाठी घर भाड्याने घेतलं होतं. या खोऱ्यात हिरवट झाकेचा पाटीचा दगड निघतो. भिंती त्याच्या, छप्पर त्याचं, अंगणातली फरशीही त्याचीच. गाव खाणीत राबणाऱ्यांनी वसवलेलं. त्यामुळे घरं ठेंगणी, भिंती हातभर जाड आणि खिडक्या लहान, वारा आत शिरू नये म्हणून. किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या पेटीत होती. ती काढायचा मान धाकट्याने मिळवला.

आत शिरल्यावर माझ्या आईने बॅगांकडे पाहिलंही नाही. ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि एकेक खण उघडू लागली. सुऱ्या कुठे, पातेली कुठे, चहाची गाळणी आहे की नाही. एका खणात लाकडाचं जाडजूड लाटणं निघालं. ते तिने दोन्ही हातांत घेऊन तोललं, फिरवून पाहिलं आणि ओट्यावर आपल्या उजव्या हाताला ठेवलं. मग मसाल्याचा डबा त्याच्या शेजारी आला. माझ्या लेखी आम्ही तिथे राहायला लागलो ते त्या क्षणापासून.

नव्या घराची माहिती हाताला आधी होते. न्हाणीघरातला दिवा बटणाने नाही, छतावरून लोंबणाऱ्या दोरीने लागतो. ओल्या हाताने बटणाला शिवू नये, म्हणून ही सोय. बेसिनला थंड आणि गरम पाण्याचे नळ वेगळे. जुन्या घरांत गार पाणी थेट नळयोजनेतून येई आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून. दोन्ही मिसळू नयेत म्हणून तोट्याही दोन. मोठीला हे सगळं पटापट उमगलं आणि ती आजीला घरभर फिरवून शिकवत राहिली. एरवी आजी शिकवते आणि नात ऐकते. इथे ओघ उलटा वाहिला, आणि दोघींच्याही चेहऱ्यावर त्याचं समाधान होतं.

नळाचं पाणी चवीला हलकं, गोडसर. डोंगरापलीकडच्या थर्लमिअर तलावाचं पाणी 1894 पासून मँचेस्टरला जातं. दीडशेएक किलोमीटरची ही वाट ते पंपाशिवाय, नुसत्या उतारावरून कापतं. आदल्या दिवशी आम्ही मँचेस्टरलाच उतरलो होतो. हे सांगितल्यावर धाकट्याने पेला उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

फोडणी देण्याआधी खिडकी उघडली, कारण छतावर धुराची घंटा होती. मुगाची खिचडी, पापड, लोणचं. जेवणं झाली, भांडी झाली, तरी बाहेर लख्ख उजेड. जूनमध्ये इथे सूर्य मावळायला साडेनऊ उलटून जातात.

आई दारात येऊन म्हणाली, "अगं, इथे दिवेलागण कधी करायची?"

मी म्हटलं, "तू म्हणशील तेव्हा, आई."

तिने क्षणभर विचार केला आणि पुण्यात ज्या वेळी लावते त्याच वेळी रोज निरांजन लावायचं, असं ठरवलं. उजेड असो वा अंधार.

समोरच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या. पांढऱ्या तोंडाच्या, राखाडी अंगाच्या हर्डविक मेंढ्या. त्यांची पिल्लं मात्र काळीकुट्ट जन्मतात आणि वयाबरोबर उजळत जातात. वरच्या मोकळ्या डोंगरावर त्यांना कुंपण नसतं. आपला कळप कुठवर चरतो ती हद्द मेंढी पिल्लाला आपल्यासोबत हिंडवून शिकवते आणि ते पिल्लू पुढे आपल्या पिल्लाला. म्हणून शेत एका कुळाकडून दुसऱ्याकडे गेलं तरी कळप बहुधा त्याच डोंगरावर राहतो. माणसं बदलतात, मेंढ्या जागा धरून असतात. इथली कितीतरी शेतं अशी कुळांकडे आहेत आणि जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची. मुलांसाठी पीटर रॅबिट रंगवणारी बीअट्रिक्स पॉटर 1943 मध्ये गेली, तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन या संस्थेला देऊन गेली. आपल्या डोंगरी शेतांवर हर्डविक मेंढ्याच राहाव्यात, असंही तिने इच्छापत्रात मागितलं.

मागची टेकडी ओलांडली की ग्रासमिअर. डिसेंबर 1799 मध्ये कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी तिथल्या एका घरात भाड्याने राहायला आले. पूर्वी ती वाटसरूंच्या खाण्यापिण्याची जागा होती. माडीवरच्या गार खोलीत ऊब राहावी म्हणून डोरोथीने भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवली. दोघांनी रानातून फुलझाडं आणि शेवाळं आणून उतारावर बाग केली. तळघरासारख्या एका गारव्याच्या खोलीत फरशीखालून झरा वाहतो. दूधदुभतं तिथे टिके. वर्ड्‌स्वर्थचं लग्न झालं, तीन मुलं इथेच जन्मली आणि घर अपुरं पडू लागलं तेव्हा, 1808 मध्ये, कुटुंबाने ते सोडलं. आज डव्ह कॉटेज म्हणून जगभरचे लोक ज्याच्या दारात येतात, ते घर त्यांच्या मालकीचं कधी नव्हतंच. पण त्या भिंतींना कागद लावताना आणि त्या बागेत माती कालवताना दोघांनी काही हातचं राखलं नव्हतं.

मला या खोऱ्याचं सर्वांत मोठं देणं हेच वाटतं. जागा आपली होते ती निगेने. कूळ भिंतीचा ढासळलेला दगड पुन्हा बसवतं, कवीची बहीण रानफूल लावते, माझी आई परक्या लाटण्यावर पोळी लाटते. त्यांतल्या कुणाकडे खरेदीखत नसतं.

आणि म्हणूनच मनात एक जबाबदारीही उभी राहते. या गावांतली पुष्कळ घरं आता आमच्यासारख्यांसाठी सुट्टीला दिली जातात आणि इथेच वाढलेल्या तरुणांना राहायला घर परवडत नाही. आमच्या वाट्याला आलेली ऊब कुणाच्या तरी नेहमीच्या बिऱ्हाडाची होऊ शकली असती, हे विसरून इथे राहता येणार नाही. म्हणून दूध, अंडी, ब्रेड गावातल्याच दुकानातून घ्यायचं. भिंतीवर चढायचं नाही, पिल्लांच्या मागे धावायचं नाही, शेताचं फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. मालकीणबाईंच्या वहीत हे नियम होतेच. मोठीने ते मराठीत उतरवून फ्रिजच्या दारावर लावले आणि खाली आजीसाठी कचऱ्याच्या डब्यांचे वारही लिहिले.

शनिवारी सकाळी किल्ली पुन्हा पेटीत जाईल. तोवर हे घर सांभाळणं आमच्याकडे आहे, आणि आम्ही ते मनापासून सांभाळणार आहोत.