पेटीची किंमत

नंदुरबार शहरातील कोरीट नाक्यामुळे कोरीट या लहान गावाचे नाव शहरवासीयांच्या रोजच्या तोंडी असते. गावातील एका जुन्या व्यापारी घरात गेल्या हिवाळ्यात वाटणीची यादी तयार होत होती. वडिलांचे किराणा दुकान कधीच बंद झाले होते. थोरले बंधू नंदुरबारला आणि धाकटे सुरतेला स्थायिक होते. आई निवर्तल्यावर घराला कुलूप लागले आणि दोन वर्षांनी ते विकण्याचे ठरले.

यादी चोख होती. तिजोरी, तांब्याचे हंडे, पितळी मापे, सागवानी कपाट, जुना तराजू. प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि त्यापुढे दोघांच्या नावांचे दोन रकाने. दुकानाच्या बुडीत उधारीवरून पूर्वी वाद झाला होता. तेव्हापासून दोघांत रकमांखेरीज दुसरे बोलणे होत नसे. आवाज चढत नव्हता, पण जिव्हाळाही उमटत नव्हता.

सव्विसाव्या ओळीवर लेखणी थांबली. ती वस्तू म्हणजे आईची हार्मोनियम. भात्याचे चामडे विरलेले, दोन पट्ट्या खाली बसलेल्या. भंगारवाला दोनशे रुपयेही देणार नाही, असे पुतण्याने सांगितले. थोरल्यांनी आकडा लिहिला नाही. ते म्हणाले, “हिच्याआधी एक पेटी याच वाटेने गेली आहे.”

थोरल्यांना इतिहासाची आवड होती आणि ती घरात सर्वांना ठाऊक होती. सुरत आणि बऱ्हाणपूर यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावर नंदुरबार हे मोठे ठाणे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ च्या पहिल्या पंधरवड्यात याच मार्गाने बऱ्हाणपूरला गेला. जहांगीर बादशहासाठी त्याने आणलेल्या नजराण्यांत एक बग्गी होती, सुऱ्या होत्या, तलवार होती आणि ‘व्हर्जिनल’ नावाचे वाद्यही होते. लाकडी पेटीत तारा ताणलेल्या. पट्टी दाबली की पिसाचे टोक तार छेडते. जानेवारी १६१६ मध्ये अजमेरच्या दरबारात हे नजराणे सादर झाले. इंग्रज माघारी वळल्यावर बादशहाने पाद्रीबाबाला विचारले, की इतक्या कमी मोलाच्या भेटी पाठवणारा राजा खरोखर मोठा आहे काय? त्याला जवाहिरांची अपेक्षा होती. त्या पेटीचा सूर आपल्याकडच्या घरांत रुजला नाही.

याउलट हार्मोनियमचे झाले. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने तिचे पेटंट घेतले. ती इकडे आली ती पायाने भाता मारण्याच्या रूपात. जमिनीवर बसून गाणाऱ्यांच्या सोयीसाठी कोलकात्याच्या कारागिरांनी तिला हाताचा भाता दिला. मग ती भजनात, कीर्तनात, नाटकात आणि घराघरांत शिरली. तिचे स्वर पक्के बांधलेले, तिच्यावर मींड निघत नाही, अशा आक्षेपावरून १९४० मध्ये रेडिओने तिला बंदी केली. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. तरीही घरातली पेटी बंद पडली नाही. राजाने पाठवलेले वाद्य परके राहिले आणि रेडिओने नाकारलेले वाद्य आपले झाले, कारण त्याला रोजच्या जगण्यात जागा मिळाली होती.

धाकटे इतका वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “भाऊ, बनारसीदासांची कचोरीची गोष्ट बाईच सांगायची ना?”

जहांगीराच्याच काळातील जौनपूरचे हे श्रीमाळ व्यापारी. १६४१ मध्ये त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र पूर्ण केले. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले, तर आपली पंचावन्न वर्षे म्हणजे अर्धीच कथा, म्हणून हे नाव. आग्र्यात व्यापार बुडाला, हातात पैसा उरला नाही. त्या दिवसांत ते रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ गाऊन वाचत असत. दहा-वीस माणसे ऐकायला येत. त्यांतल्या एका कचोरीवाल्याने त्यांना महिनोन्‌महिने उधारीवर खाऊ घातले. पुढे हिशेब झाला तो चौदा रुपयांचा. आपला तोटा, आपली फजिती आणि ही उधारी या व्यापाऱ्याने काही न लपवता लिहून ठेवली. कचोऱ्यांचा हिशेब चुकता झाला. त्या रात्रींच्या गाण्याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नव्हता. तरी कचोरीवाल्याच्या विश्वासामागे ते गाणे होतेच.

खोलीत शांतता पसरली. नातीने पेटीचा भाता ओढला. एक सूर अडकून एकसारखा वाजत राहिला. त्या सुराला धरून थोरल्यांनी आईचे एक स्तवन गुणगुणायला सुरुवात केली. बाईने ते कधी लिहून ठेवले नव्हते, तिच्या मुखातच होते. पहिले कडवे झाले आणि थोरले अडले. दुसरे कडवे धाकट्यांनी म्हटले. तिसऱ्याचा अर्धा भाग दोघांनाही आठवला नाही.

त्या क्षणी दोघांच्याही ध्यानात आले की, हंड्या-मापांची वाटणी करता येते, पण हे स्तवन अर्धे एकाकडे आणि अर्धे दुसऱ्याकडे राहिले होते. दोघे एकत्र बसले तरच ते जमेल तेवढे पुरे होणार होते. उधारीचा जुना वाद त्या दुपारी मिटला नाही. त्याबद्दल कोणी बोललेही नाही. मात्र आठवली तेवढी स्तवने नातीने एका वहीत उतरवून घेतली आणि उरलेल्यांसाठी मामी-मावशींना फोन करण्याचे ठरले.

संध्याकाळी यादीवर दोघांच्या सह्या झाल्या. बेरीज जुळली. सव्विसाव्या ओळीत ‘पेटी’ एवढाच शब्द आहे. त्यापुढचे तिन्ही रकाने रिकामे आहेत आणि पेटी नंदुरबारला भाता दुरुस्त करण्यासाठी गेली आहे.