माईक तुझ्या हातात आहे

खारबाव, ता. भिवंडी

चि. बाळ्यास,


परवाच्या स्पर्धेतलं तुझं समालोचन मोबाईलवर ऐकलं. टेनिस क्रिकेटचा सामना भिवंडीत असो की पनवेलला, तो आपल्या आगरी बोलीत रंगवणारा माणूस लागतोच, आणि तुझा आवाज आता लोक ओळखतात. म्हणूनच हे लिहिते आहे. तू जे बोललास ते नाक्यावरचं एखादं पोर बोललं असतं, तर मी कानाआड केलं असतं.

फलंदाज उसळत्या चेंडूला बिचकला, तेव्हा तू म्हणालास, "बायल्या, बांगड्या भर!" झेल सुटला, तर "पोरीसारखा काय पकडतोस?" हरलेला गडी खाली मान घालून निघाला, तर "रडतंय बघ बाईसारखं." लोक खो खो हसले. तिन्ही वेळा शिवी पुरुषाला होती, पण कमीपणाचं माप बाईचं होतं. चूक त्याची आणि अब्रू मात्र मैदानात नसलेल्या बाईची गेली.

बांगड्या भरलेले हात कसे असतात, ते तुला मी सांगायला नको. वसई-दिवा गाडीत भाजीच्या पाट्या चढवणारे हात बांगड्या भरलेलेच असतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर कांड्या भरणारे, काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांत खोकी बांधणारे, चिखलात वाकून भाताची लावणी करणारे हातही तेच. त्यांतल्या कुणाला उसळत्या चेंडूची भीती वाटेल, असं मला वाटत नाही.

तू म्हणशील, आत्या, बोलायची पद्धत आहे ती, बायकाही बोलतात. बोलतात ना. 'वांझोटी', 'पांढऱ्या पायाची', 'टाकलेली' हे शब्द मी नळावर बायकांच्याच तोंडून जास्त ऐकले आहेत. बाईच्या तोंडून आला म्हणून शब्द धुतला जात नाही. सोडून गेला नवरा, आणि 'टाकलेली' हे नाव चिकटलं तिला. सगळ्यांत घाण समजल्या जाणाऱ्या 'रांड' शब्दाचा जुना अर्थ 'नवरा वारलेली' असाही होता. तिच्यावर कोसळलेल्या दुःखाचीच लोकांनी शिवी केली.

बरं, शिव्या बाजूला ठेवू. आपले मानाचे शब्द तरी पाहा. लग्नपत्रिकेत पुरुष 'श्री.' असतो. त्याची बायको आहे, नाही, वारली, काही कळत नाही. बाईच्या नावाआधी 'सौ.' नाहीतर 'गं.भा.' लागलं की नवऱ्याची हयात आधी कळते, मग तिचं नाव. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा त्यावर टीका झाली ती याचसाठी. शब्द गोड झाला तरी खूण तीच राहते. गावोगावी 'सरपंच पती' असतात, ते वेगळंच. निवडून बाई येते आणि फलकावर मोठा फोटो नवऱ्याचा.

नुसत्या हाकेनं काय होतं, हे साताऱ्याच्या पोरींना विचार. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचं नाव 'नकुसा' ठेवायची तिकडे रीत होती. नको असलेली. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेनं समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. त्या मुलींना कुणी शिवी दिली नव्हती, आईबापांनी प्रेमानं हाक मारली तरी ती 'नकोशी' अशीच होती.

गाव मनावर घेतं तेव्हा काय होतं, तेही ऐक. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. ज्या नेवाश्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच मुलखातलं हे गाव. दंडानं जीभ सुधारते का, असं तू विचारशील. लगेच नाही सुधारत. पण दोन पुरुषांच्या भांडणात घरी बसलेल्या आईला ओढायचं नाही, हे गावानं एकत्र बसून मान्य केलं, ही गोष्ट पाचशे रुपयांपेक्षा मोठी आहे.

आणि आपल्याला हे बाहेरून शिकायची गरज नाही, बाळ्या. आपल्याकडे लेकीला लाडानं 'बाय' म्हणतात. त्याच घरातला 'बायल्या' शिवी कसा झाला, याचा विचार कर. आपल्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून विधी ती सांगते, धवले म्हणजे लग्नाची गाणी ती गाते, आणि ती थांब म्हणाली की नवरदेवही थांबतो. मराठीची आद्य कवयित्री म्हणतात ती महानुभाव पंथाची महदंबा, तेराव्या शतकातली. तिनंही धवळेच रचले. म्हणजे चार माणसांत बोलायचा मान आपल्या बायांकडे तुझ्या माईकच्या कितीतरी आधीपासून आहे.

तू गप्प बस किंवा मिळमिळीत बोल, असं मी म्हणत नाही. टोमणे मारच. फक्त ज्याचा त्याला मार. पाय हलला नाही, नजर हटली, घाई नडली, पोटात गोळा आला, एवढं सगळं असताना बांगड्या कशाला हव्यात?

आणखी एक काम. पुढच्या स्पर्धेत बक्षीसवाटपाच्या वेळी मैदानामागे शंभर माणसांचं जेवण रांधणाऱ्या बायांनाही पुढे बोलाव. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' म्हणू नकोस, त्यांच्या नावानं पुकार. नावं माहीत नसतील तर सामना सुरू व्हायच्या आधी विचारून घे. खेळाडूंची विचारतोसच ना.

तुझी,
आत्या