आधी वरचं पाणी

रत्नागिरीच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. एवढं पाणी अंगावर घेणाऱ्या छपराखाली जी माणसं राहतात, त्यांना दुरुस्तीचं वेळापत्रक वेगळं शिकवावं लागत नाही. मे उजाडला की आंब्याची उतरणी, कोकमं वाळवणं, लाकूडफाटा पडवीत रचणं आणि या सगळ्या धांदलीत न चुकता घराची शाकारणी. मृग लागायच्या आत ती झालीच पाहिजे.

एक मुलगी अशाच एका घरात वाढली. चिऱ्याच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन आणि वर मंगलोरी कौलं. मंगळूरला बासेल मिशननं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्या धर्तीची लाल, चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कौल दणकट खरं, पण त्याच्या खाचेत पाचोळा नि शेवाळ साचलं की पाणी बाहेर वाहायचं सोडून आत वळतं. शिवाय वानरं. त्यांच्या एका उडीत दोन कौलं जातात आणि खालच्या माणसाला ते पहिल्या सरीपर्यंत कळत नाही.

शाकारणीला येणारा गडी पाखं उघडं करायचा, कौलं झाडून फुटकी बाजूला काढायचा, आणि मग पागोळीकडून आढ्याकडे ती पुन्हा बसवत जायचा. पण कौलं उघडल्यावर सगळ्यात आधी तो कोयत्याचं टोक रिपांना आणि वाशांना टोचून बघायचा. टोक रुतलं की ते लाकूड गेलं. मग तो घरच्या कर्त्याकडे, अप्पांकडे वळायचा. "अप्पा, रीप बदलूक व्हयी. यंदा रीप, नायतर फुडल्या वर्साक वासो," हे त्याचं वाक्य तिच्या कानात बसलं. हिशेब अगदी सरळ होता. रीप कुजली की तिथलं कौल बसतं आणि पाणी वाशावर येतं. वासा कुजला की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतीत ते शिरलं की सांध्यांतली माती धुऊन जाते आणि भिंतीला फुगवटा येतो. दर पायरीला खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

एका वर्षी घरात कार्य होतं आणि पैसा बेताचा. ओटीला शहाबादी फरशी घालावी असं सगळ्यांना वाटत होतं. पाहुणे ओटीवरच बसणार होते. अप्पांनी मात्र त्या पैशात छपराच्या कोपऱ्यातला कोनवासा बदलला. ओटी सारवली, रांगोळी काढली आणि कार्य पार पडलं. पाहुण्यांपैकी कुणी मान वर करून कोनवासा पाहिला नाही. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही, आणि तिला ते फार मोठं वाटलं. जी दुरुस्ती झाल्यावर दिसतसुद्धा नाही, तिच्यावर हातातला मर्यादित पैसा घालायला धैर्य लागतं.

लग्न होऊन ती गिरगावातल्या चाळीत आली आणि तिथे मे महिन्याला काहीच अर्थ नव्हता. छप्पर मालकाचं, जिना सगळ्यांचा, खोली भाड्याची. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीला बांधून ठेवली होती. भाडेकरूंना त्याचा मोठा आधार झाला. पण येणाऱ्या भाड्यात दुरुस्ती भागत नाही म्हणून मालक हात काढून घ्यायचे आणि जागा आपली नाही म्हणून भाडेकरूही थांबायचे. जुन्या इमारती कोसळू लागल्यावर 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, उपकर बसला आणि शहर विभागातल्या हजारो इमारती 'उपकरप्राप्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. 1977 मध्ये म्हाडा स्थापन झाली आणि ते मंडळ तिच्यात आलं.

चाळीचं सगळ्यात दुखरं ठिकाण म्हणजे मोरी. लाकडी तुळयांवर तोललेल्या मजल्यावर खोलीच्या कोपऱ्यात मोरी असते आणि तिचं पाणी बाहेरच्या नळात जातं. सांधा निसटला की पाणी भिंतीत मुरतं. तुळईचं टोक नेमकं त्याच भिंतीत रुतवलेलं असतं. उघड्यावरचं लाकूड भिजतं आणि वाळतं. भिंतीतलं टोक मात्र ओलंच राहतं, त्यामुळे ते आतून कुजतं, वाळवीही तिथेच येते. खोलीतून पाहिलं तर तुळई वर्षानुवर्षं धडधाकट दिसते. बाहेरच्या भिंतीवर पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं की ती सासूबाईंना सांगायची, तिथे पाणी मुरतंय. पिंपळाला ओल लागते, आणि त्याची मुळं पुढे तीच फट रुंद करतात. रोप नुसतं कापून भागत नाही, ते पुन्हा फुटतं. मूळ काढून, फट भरून, गळता नळ दुरुस्त केला तरच काम झालं.

त्या चाळीच्या गॅलरीला टेकू लागले आणि तसेच राहिले. मुलं त्यांना धरून गोल फिरत. टेकू म्हणजे तात्पुरता जीव वाचवण्याची सोय, आणि तेवढी त्याची किंमत मोठीच आहे. पण टेकू लागल्यावर माणसांची काळजी कमी होते आणि वर भिंतीत पाणी मुरतच राहतं. जुन्या वस्त्यांमधून आजही हे दिसतं आणि ते पाहून पोटात गोळा येतो.

पुढे डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट झाला. सिमेंटचं घर म्हणजे आता शाकारणी संपली, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. काँक्रीटची खरी ओळख नंतर झाली. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, म्हणून त्यातल्या लोखंडी सळ्यांवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा गुण कमी करत जातो. त्यात गच्चीतून किंवा वरच्या न्हाणीघरातून पाणी मिळालं की सळी गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. ती न मिळाल्यानं तो काँक्रीटलाच आतून फोडतो. छताला सळीच्या रेषेत बारीक चीर दिसते, मग गिलावा पोकळ वाजतो, मग एक दिवस ढलपा खाली येतो आणि लालसर सळ्या उघड्या पडतात. त्यावर पुट्टी लावून रंग मारला की वर्षभर छान दिसतं. आत गंज चालूच असतो.

म्हणून इथेही क्रम तोच, फक्त रीप-वाशाच्या जागी स्लॅब आणि सळी. ज्यानं आज कुणाच्या जिवाला धोका आहे, ते सगळ्यांत आधी: सज्जाचा सुटलेला तुकडा, ओल्या भिंतीतली वीज. ओल आलेल्या भिंतीत वायरिंग असेल तर विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा, आणि यात दिरंगाई नको. त्यानंतर पाण्याची वाट: गच्चीचा उतार, कठड्याशी मारलेला गोलाकार वाटा, पावसाळी पाइपांची तोंडं, न्हाणीघराच्या जाळीखालचा सांधा. पाणी थांबल्यावरच सळ्यांचं काम. सुटलेलं काँक्रीट तोडायचं, गंज खरवडायचा, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरनं भरायचं. वरची गळती तशीच ठेवून खालचं छत भरलं तर तो पैसा पावसातच जातो. टाइल्स, ओटा, रंग हे या सगळ्यानंतर.

प्रत्यक्षात होतं उलटं. सोसायटीच्या सभेत बाहेरचा रंग चटकन मंजूर होतो, कारण तो रस्त्यावरून दिसतो. गच्चीचा विषय निघाला की तळमजल्यावरचे सभासद म्हणतात, गळतंय ते शेवटच्या मजल्याचं. खरं तर गच्ची आणि बाहेरचे पाइप हा सोसायटीचाच खर्च आहे. घरातल्या न्हाणीघराची गळती त्या सभासदाची. सोसायट्यांच्या नमुना उपविधींनुसार सिंकिंग फंडासाठी वर्षाला बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का रक्कम घ्यायची असते. वीस लाखांच्या बांधकामावर हे अनुक्रमे 5,000 आणि 15,000 रुपये होतात. पण जुन्या इमारतीचा बांधकामखर्च जुन्या दरानं धरलेला असतो आणि दुरुस्ती आजच्या दरानं करावी लागते. हातोडा हातात घ्यायची वेळ येते तेव्हा निधी तुटपुंजा ठरतो तो इथे.

याच उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करावं असं आहे. अनेक ठिकाणी ते महापालिकेची नोटीस आल्यावरच होतं. घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. ती बातमी वाचल्यापासून तिच्या इमारतीत कुणाच्या घरी भिंत काढण्याची भाषा निघाली की ती संरचना अभियंत्याचं पत्र मागते. त्यावरून एक-दोन घरांशी बोलणं थंडावलं. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही.

अलीकडे ती पावसाळ्यातच छताखाली फिरते. पावसाच्या गळतीचा उगम कोरड्या दिवसांत सहसा सापडत नाही. ओलीच्या डागाची कड ती पेन्सिलीनं आखते, शेजारी तारीख लिहिते आणि वहीत नोंद करते. पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी कड पुढे सरकली तर पाणी बहुधा नळाचं असतं. फक्त सरींनंतर वाढली तर गच्चीचं किंवा बाहेरच्या भिंतीचं. एवढ्या साध्या खुणेनं ठेकेदाराची निम्मी तोडफोड वाचते. यंदा सोसायटीच्या समितीनं तिच्याकडून जिन्यातल्या खुणांची वही मागून घेतली. गच्चीचं काम दिवाळीनंतर लागलं, जुना कोबा काढला, उतार नव्यानं दिला आणि पाणी भरून चाचणी घेतली. आता पार्किंगमधल्या दोन खांबांची तपासणी व्हायची आहे. रंगाचा विषय पुढच्या वर्षीच्या सभेपुढे ठेवला आहे.