टर्बो बसवण्याआधी

मला गाड्यांचा जुना नाद. 1989 साली आलेल्या माझदा एमएक्स-5 या छोट्या स्पोर्ट्स कारच्या 1.6 लिटर इंजिनाला हौशी मंडळी टर्बो बसवतात. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. म्हणून मोठे इंजेक्टर, पेट्रोल मोजून सोडणारा ईसीयू, हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठा रेडिएटर, दणकट क्लच आणि टर्बोला तेल नेणारी-आणणारी नळी, हे सगळं आधी ठरवावं लागतं. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टनही वितळू शकतो.

पन्नाशीत एकदम जड व्यायाम सुरू करणाऱ्या पेशंटना मी हेच सांगतो. आधी रक्तदाब आणि साखर तपासा, झोप-आहार सांभाळा, मग जोर हळूहळू वाढवा. व्यायाम करताना छातीत दुखलं, तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.