हप्ता आणि एपीके

पीएम किसानच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणाऱ्या चिखली-मेहकरकडच्या माणसांची मला फार काळजी वाटते. वर्षाला ६,००० रुपये, तेही २,०००चे तीन हप्ते. आणि याच योजनेच्या नावाची बनावट एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर येते. ती फोनात टाकून परवानग्या दिल्या, की ओटीपीचे मेसेज भामट्याला दिसू लागतात.

आज मामांना हेच समजावत होते. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही, कुणी मागितला तर ती फसवणूकच, हेही ऐकून ते चमकले. फसलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, तेवढ्यात पैसा चार खात्यांतून पुढे जातो. म्हणून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर १९३० तत्काळ लावायचा.

मामा म्हणाले, “हा नंबर आधी तुह्या मामीच्या फोनात टाक. बचतगटाचे पैसे तिच्याच खात्यावर येतात.”