कड विरवण्याची अडचण

चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले आणि १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढच्या पंधराएक वर्षांत त्यांच्या चित्रावरचा रेषेचा ताबा हळूहळू सुटत गेला. सुरुवातीच्या जलरंगांत लघुचित्रांतले सपाट, तेजस्वी रंग आहेत. आकृतीला ठाम बाह्यरेषा आहे. मग चित्रकार पॉल क्लेच्या ओढीने आकृती मोडली, चिन्हे आणि भूमिती उरली. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले हुसेन, सूझा माणसाच्या आकृतीला धरून राहिले. गायतोंडे त्यांच्यात वावरूनही त्या वाटेने गेले नाहीत.

आकृती गेली तरी कड जात नाही, हीच खरी अडचण. दोन रंग शेजारी ठेवले की कड आलीच. निसर्गात मात्र ती विरते: चैत्रात गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवनात मोहाखालचा पाचोळा पेटवतात, तेव्हा धुरात खोड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. जलरंगात असे कड विरणे ओल्यावर ओला रंग सोडून साधते, पण कागद क्षणभर जास्त सुकला की डाग धारदार उमटतो. तैलरंगात कड पुसायला गेले की रंग मळतो, आणि धुराऐवजी चिखल दिसतो. शिवाय कड सोडवत नाही, कारण हाताची सफाई तिथेच दिसते आणि वाहवा तिलाच मिळते. हा अहंकार कसलेल्या हाताला जास्त असतो.

१९६० च्या आसपास गायतोंडे यांनी ब्रशची सद्दी संपवली. रोलर आणि पॅलेट नाइफने पातळ थर चढवायचे, खरवडायचे, फाटक्या छापील कागदाने रंग उचलायचा. खालचा थर वर झिरपल्यासारखा दिसतो आणि उजेड आतून येतो. आडवे पट्टे उरले, तेही धुक्यातल्या क्षितिजासारखे. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास होत. आज अनेकजण एका दुपारी रोलर फिरवून तसला पोत काढतात. त्यात थर असतात, थांबणे नसते.

१९८४ मध्ये गायतोंडे यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास झेपेनात. त्या काळात लहान कागदांवर शाईची कामे झाली आणि रेषा पुन्हा आली, पण आता ती कशाचीच कड नव्हती.